सीताफळाची हिवाळी छाटणी: आधी विहीर बघा, मग सिकेटर उचला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आष्टी तालुक्यात डोंगरउताराची एक एकर मुरमाड जमीन, १६ बाय ८ फुटांवर ३४० सीताफळं, झाडांना सहा वर्षं झालेली आणि आजवर एकदाही सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लागलेलं नाही. निम्मी झाडं बाळानगर जातीची, निम्मी गोल्डन. शेजारी म्हणतो, डिसेंबरातच सगळी झाडं अर्ध्यावर आणा. एका व्हिडिओत जूनमध्ये छाटा असं सांगितलंय. वडील म्हणतात, फळ देणाऱ्या झाडाला लोखंड लावू नये. यातलं कुणाचं ऐकायचं आणि नेमकं किती छाटायचं, हे तुम्हाला हवंय.

मी पुरंदरचा. सीताफळ आणि थोडं अंजीर, पंचवीस वर्षं हेच करतोय. आधी स्वतःच्या बागेत चुका केल्या, मग लोक बोलवायला लागले म्हणून दुसऱ्यांच्या बागा छाटल्या. तुमच्या प्रश्नात झाडांची सगळी माहिती आहे, फक्त एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: एप्रिल-मे महिन्यात तुमच्या विहिरीला पाणी असतं का? माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. किती छाटायचं हे झाड सांगेल, मात्र कधी छाटायचं हे विहीर सांगते.

हे असं का, ते जरा सावकाश सांगतो, कारण एकदा कळलं की पुढची सगळी वर्षं तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

हिवाळ्यात झाड झोपतं आणि तेव्हा छाटावं, हा नियम मुळात थंड मुलखातला. हिमाचलात सफरचंदाला थंडीचे ठरावीक तास मिळाल्याशिवाय डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, फुटतच नाही. तिथं डिसेंबर ते फेब्रुवारी कधीही छाटा, बर्फ असेपर्यंत झाड उठत नाही. आपल्याकडची झोप तशी गाढ नसते. आपलं सीताफळ झोपतं ते थोडं थंडीनं आणि जास्त करून पाणी तुटल्यामुळं. दिवस लहान होतात, पाऊस संपलेला असतो, जमीन सुकत जाते, पानं पिवळी पडून गळतात. पण ही डुलकी आहे. मध्येच पाणी मिळालं आणि चार दिवस ऊब आली की झाड डोळे उघडतं. म्हणून हिमाचलचा नियम उचलून इथं लावता येत नाही. आपल्याच राज्यात बघा ना. द्राक्षवेल युरोपात हिवाळाभर झोपते आणि तिथं तेव्हाच छाटतात. आपल्याकडं ती धड झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, असं वर्षातून दोनदा तिला कापावं लागतं. बोराची विश्रांती भर उन्हाळ्यात असते, त्यामुळं बोर एप्रिल-मेमध्ये छाटतात. आंबा डिसेंबरात छाटला तर मोहोरच कापला जातो, त्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच. अंजिराचं तर दोन हंगामांपैकी खट्टा बहार धरायचा की मीठा, यावर सगळं वेळापत्रक बदलतं. म्हणजे हिवाळी छाटणी हे सगळ्या झाडांचं औषध नाही. सीताफळाला मात्र ते लागू पडतं, कारण ते खरोखर पानं टाकतं.

पानं टाकण्याआधी झाड एक काम करतं. पानातला माल परत ओढून काडीत, खोडात आणि मुळात साठवतं. हिरवं पान असताना काडी कापली तर तो माल काडीबरोबर बांधावर जातो. पान पिवळं होऊन गळल्यावर कापली तर झाडाचं फारसं काही जात नाही. विश्रांतीत छाटण्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण साधं आहे, बिनपानाच्या झाडाचा सांगाडा दिसतो. कुठली फांदी कुठून निघून कुणाला घासतेय, कुठं सल, म्हणजे वाळलेली काडी, आहे, कुठं काळं फळ लटकलंय, हे भरल्या झाडात दिसत नाही.

आता सीताफळाची एक खासियत, जी शेजारच्या डाळिंबवाल्याला माहीत नसते. सीताफळाच्या पानाचा देठ बुडाशी फुगीर आणि पोकळ असतो आणि नवा डोळा त्या देठाच्या आत झाकलेला असतो. खोटं वाटत असेल तर आत्ता बागेत जाऊन एक पिवळं पान हळूच तोडा. देठ टोपीसारखा निघून येईल आणि खाली लहानसा केसाळ डोळा दिसेल. पान गळल्याशिवाय तो डोळा फुटू शकत नाही. म्हणूनच ज्या बागेला हिवाळाभर पाणी चालू असतं, पानं पूर्ण गळत नाहीत, तिथं छाटणी केली तरी फूट मागंपुढं येते. एका झाडावर सुपारीएवढं फळ आणि शेजारच्या फांदीवर अजून कळी, अशी बाग मग तोडणीला दोन महिने छळते. छाटणीआधी ताण द्यायचा तो यासाठी. तुमच्यासारख्या मुरमाड जमिनीत चार-पाच आठवडे पाणी तोडलं तर पुरतं. काळ्या भारी जमिनीत दोन महिनेही लागतात. बहुतेक पानं पिवळी होऊन खाली आली की ताण बसला असं समजायचं. ठेवलेल्या काडीवर जी चार-दोन पानं उरतील ती छाटताना हातानं खाली ओढून काढा.

आता विहिरीकडं येतो. सीताफळाची फुलं येतात ती मुख्यतः नव्या फुटीवर आणि गेल्या वर्षीच्या काडीवर. म्हणजे जाड काडी आखूड करून पाणी दिलंत की तुम्ही झाडाला हाक मारली, ‘ऊठ, बहार धर’. जानेवारीच्या शेवटी हाक मारली तर फेब्रुवारीत फूट, मार्चमध्ये फुलं आणि फूल लागल्यापासून साधारण चार महिन्यांनी फळ, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये माल. बाजारात तेव्हा सीताफळ कमी असतं, भाव बरा मिळतो, म्हणून सगळे याच्या मागं लागतात. पण या चार महिन्यांत एप्रिल आणि मे आहेत. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत फुलातला पराग झेलणारा भाग लवकर वाळतो आणि परागही टिकत नाही. त्यातून सीताफळाचं फूल आधी मादी म्हणून उघडतं आणि नंतर नर होतं. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात ते बारीक भुंगेरे, त्यांनाही ओलावा लागतो. बागेत गारवा आणि ओल टिकवता आली तरच उन्हाळी बहार बांधतो. मार्चअखेर विहिरीनं तळ दाखवला तर फुलं गळतात, लागलेली बारीक फळं काळी पडतात आणि ज्या साठ्यावर पावसाळी बहार आला असता तो साठाही झाडानं खर्चून टाकलेला असतो. दोन्ही बहार जातात.

म्हणून मी छाटणीचे दोन भाग करतो आणि माझ्या सगळ्या उत्तरातलं एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी चालेल. पहिला भाग सफाईचा: सल, रोगट काडी, काळी फळं, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या. या फांद्या बुडातून काढल्या जातात, त्यानं झाड फारसं जागं होत नाही. ही सफाई पानगळ झाल्यावर विश्रांतीत, प्रत्येक बागेत करायचीच, पाणी असो वा नसो. दुसरा भाग काडी आखूड करण्याचा. शेंडा उडवला की खालचे डोळे फुटायला बघतात, ही खरी हाक. ती पाणी बघून मारायची. मेअखेरपर्यंत पाण्याची खात्री असेल तर जानेवारीच्या उत्तरार्धात सफाई आणि आखूड करणं एकदमच उरका आणि लगेच हलकं पाणी चालू करा. खात्री नसेल तर जानेवारीत फक्त सफाई करून थांबा. आखूड करण्याचं काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाचे ढग दिसायला लागले की करा. फूट पावसाच्या तोंडावर येईल, फुलांना दमट हवा मिळेल आणि ऑक्टोबरच्या सुमारास माल येईल. भाव थोडा कमी, पण माल हातात. तो व्हिडिओवाला जून म्हणत होता तो बहुधा कोरडवाहू बागेचं बोलत असावा. तुमच्या भागात बालाघाटच्या डोंगरात रानसीताफळ आपणहून पावसावरच तर येतं आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही ठिबकाच्या जोरावर नव्हे.

दुसरी अडचण तुमच्या लक्षात आली नसावी. तुमच्याकडं दोन जाती आहेत आणि दोघींची झोप वेगळी आहे. बाळानगरचा माल आटोपून डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागतात. गोल्डन, म्हणजे बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं वाण, उशिरा पिकतं. कित्येकदा डिसेंबरातही झाडावर फळ असतं आणि पानं हिरवीगार. दोन्हीला एकाच दिवशी छाटायला गेलात तर एक झोपलेलं आणि एक जेवायला बसलेलं सापडेल. गोल्डनचं शेवटचं फळ उतरल्यावर महिनाभर तरी ताण द्या, मग छाटा. बाळानगर जानेवारीअखेर झालं तर गोल्डन फेब्रुवारीत जाईल, जाऊ द्या. फक्त ठिबकला दोन वेगळे वॉल्व्ह आहेत का ते आधी बघा. नसतील तर पहिला खर्च त्याचा करा. एकाला ताण आणि दुसऱ्याला पाणी एकाच लाइनवर देता येत नाही.

शेजाऱ्याचा डिसेंबर का नको, याचं उत्तर मी स्वतः भोगून शिकलोय. एका वर्षी मजूर रिकामे होते, मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच अर्धी बाग छाटून घेतली. पानं धड गळली नव्हती. पंधरा दिवसांत अवकाळी पाऊस झाला, आभाळ भरून राहिलं, रात्री उबदार झाल्या आणि बागेला तांबूस-पोपटी फूट आली. मी खूश. गावात दोघांना बोलवून दाखवली पण. जानेवारीत आभाळ फाकलं, थंडी उतरली आणि ती कोवळी फूट चहाच्या चोथ्यासारखी काळी झाली. झाडं मेली नाहीत, मार्चमध्ये पुन्हा फुटली, पण निम्म्या जोरानं. त्या वर्षी न छाटलेल्या अर्ध्या बागेनं घर चालवलं. तेव्हापासून संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाल्याशिवाय मी काडी आखूड करत नाही.

आता किती छाटायचं. शेजारी ‘अर्ध्यावर आणा’ म्हणतो, ते सहा वर्षं न छाटलेल्या झाडाला करू नका. जमिनीखालची मुळं तेवढीच राहतात आणि वरचा पसारा एकदम निम्मा होतो. मुळांनी पाठवलेला सगळा जोर उरलेल्या थोड्या डोळ्यांवर येतो आणि झाड चाबकासारखे चार-पाच फूट लांब, सरळसोट, बिनफुलाचे फुटवे काढतं. वॉटरशूट म्हणतात ते हेच. दुसरा धोका उन्हाचा. सीताफळाची साल पातळ. सहा वर्षं सावलीत राहिलेली फांदी अचानक एप्रिलच्या उन्हात उघडी पडली की पश्चिमेच्या अंगाला साल भाजते, फुटते आणि तिथून कीड-बुरशी शिरते. मी पहिल्या वर्षी एकूण पसाऱ्याच्या पावपट, फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो, त्यात सल धरूनच. मोठ्या फांद्या पहिल्या वर्षी एक किंवा दोन. राहिलेलं काम पुढच्या दोन हिवाळ्यांत. तुमचा शेजारी दरवर्षी छाटत असेल तर त्याच्या झाडांना त्याची पद्धत चालत असेलही. तुमची झाडं वेगळी आहेत.

काम करताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी झाडाभोवती एक चक्कर मारायची, हातात काही न घेता. हसू नका, नव्या माणसाला मी पहिल्या दहा झाडांना सिकेटर देतच नाही. मग सल काढायची. सहा वर्षांच्या बाळानगरमध्ये सलच इतकी निघते की झाड निम्मं मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि किती कापायचं याचा अंदाज तिथंच बदलतो. मग लटकलेली काळी, दगडासारखी कडक फळं. मग जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या, पावसात चिखल उडेल अशा फांद्या. मग आतून एकमेकींना कापत जाणाऱ्या. दोघींतली जी आत वळते ती जाते, बाहेर जाणारी राहते. एवढं झाल्यावर थांबून पुन्हा बघायचं. तीन-चार मुख्य फांद्या चार दिशांना आणि मधे उजेड उतरायला वाट, असा सांगाडा हवा. तुमची झाडं बहुधा झुडपासारखी बुडातूनच सहा-सात फांद्यांची झाली असतील. त्यातली मधली, सरळ वर गेलेली एखादी या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी काढा. आतल्या अंगाला छोट्या काड्या थोड्या राहू द्या, त्या सालीला सावली देतात. आतून झाडून-पुसून स्वच्छ केलेलं झाड फोटोत छान दिसतं, मे महिन्यात त्याचे हाल होतात.

आखूड करण्याचं गणित काडीच्या जाडीवर. गेल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड, तपकिरी पक्व काडी असेल तर बाळानगरला मी शेंड्याकडचा तिसरा हिस्सा उडवतो. गोल्डन जोरदार वाढतं, फळही वजनदार, लांब काडीला ते पेलत नाही. तिथं काडी वीतभर ठेवतो, चार-सहा डोळे राहतील एवढी. उदबत्तीसारख्या बारीक काड्या बुडातून काढतो, त्यांना फूल आलं तरी फळ पोसत नाही. हे माझ्या जमिनीतलं माप आहे. मुरमाड रानात झाडाचा जोर कमी असतो, तुमच्याकडं थोडं हलकं छाटलेलं बरं. पहिल्या वर्षी पाच झाडं जरा कडक, पाच जरा हलकी छाटून खुणेची चिंधी बांधून ठेवा. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा तीच जास्त सांगतील.

काप कसा घ्यायचा यावर मी जरा हट्टी आहे. आमच्याकडं एक जुना माणूस होता, हात सोन्याचा, पण मोठी फांदी खोडाला लागून इतकी सपाट कापायचा की हात फिरवला तर गुळगुळीत लागावी. वडील कौतुक करायचे. आठ-दहा वर्षांनी त्यातली बरीच खोडं आतून पोकळ निघाली. त्याचं कारण मला फार पुढं कळलं. अमेरिकेच्या वन खात्यातले अॅलेक्स शायगो म्हणून शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. त्यांचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंत घालतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड चढवतं. ही भिंत घालण्याची जागा म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथला सुरकुतलेला, बांगडीसारखा फुगवटा. आमचा माणूस नेमकी ती बांगडीच कापून टाकत होता. म्हणून काप बांगडीच्या बाहेर, अगदी तिला लागून. खुंट पण ठेवायचा नाही, कारण खुंट वाळतो आणि सल होऊन आत जाते. मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी असेल तर तीन काप घ्या: पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, तिसऱ्या हिश्श्याइतका खोल, दुसरा त्याच्या किंचित पुढं वरून, तिथं फांदी पडून जाईल, तिसरा उरलेल्या खुंटावर, बांगडीपाशी. एकदम वरून कापलीत तर फांदी आपल्या वजनानं मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत फाडत नेते. सीताफळाचं लाकूड ठिसूळ आहे, फार पटकन फाटतं. बारीक काडीला साधा नियम, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरका काप. कोयता मात्र घरी ठेवा. कोयत्यानं काडी चिरडते.

जखमेला काय लावायचं? शेण-माती मी बंद केली, तिच्याखाली ओल राहते आणि किडे बसतात. ऑइलपेंट, डांबर नकोच. बोर्डो पेस्ट लावतो, अंगठ्यापेक्षा जाड कापांनाच. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. शायगो तर म्हणायचे की जखमेवरच्या लेपानं आतली कूज थांबत नाही आणि ते मला पटतं. तरीही मी पेस्ट लावतो, कारण सीताफळात फळ काळं-दगडी करणारी आणि काडी वाळवणारी बुरशी त्याच सलीत राहते. ताज्या कापावर पहिले काही आठवडे तांब्याचा पहारा असलेला बरा. बुंध्यालाही दोन-अडीच फुटांपर्यंत लावा. निळसर-पांढऱ्या रंगानं ऊन परततं आणि सालीच्या भेगेत दडलेल्या पिठ्या ढेकणाला आसरा कमी होतो. पेस्ट लावायच्या आधी सुटलेली साल गोणपाटानं घासून काढा. मुंगळ्यांची वारूळं बुंध्याशी असतील तर मोडा, पिठ्या ढेकणाला झाडावर चढवायला तेच मदत करतात.

पूर्ण छाटणी झाली की दोन दिवसांत १ टक्का बोर्डोची एक फवारणी, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवा, लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत नको. मिश्रण झाल्यावर स्वच्छ विळ्याचं पातं त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना घाला. त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवू नका. आणि काळ्या फळांच्या झाडावरून चांगल्या झाडावर जाताना सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्या. डाळिंबवाले तेल्या रोगाच्या भीतीनं हे करतात, आपल्यालाही सवय वाईट नाही. दिवसाअखेरीस पातं धुऊन तेल लावा, नाहीतर त्या पाण्यानं गंजतं.

काढलेली लाकडं बांधावर रचून ठेवू नका. सल आणि काळी फळं बागेबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. निरोगी काड्या बारीक तुकडे करून आळ्यात आच्छादन म्हणून चालतील. शेळ्या खातील म्हणून ठेवणार असाल तर ते विसरा, सीताफळाला शेळी तोंड लावत नाही. माळरानावर हे झाड टिकलं ते त्यामुळंच.

खताचं थोडक्यात. छाटणीबरोबर चांगलं कुजलेलं शेणखत आळ्यात द्या, माती परीक्षणाप्रमाणं बाकीचं. युरिया हात सैल सोडून टाकू नका. छाटलेल्या झाडाला नत्र जास्त झालं की पुन्हा तेच चाबूक. पहिलं पाणी हलकं, डोळे फुगायला लागले की वाढवत जा. फूट चार-पाच इंच झाली की आतल्या बाजूचे सरळ वर जाणारे फुटवे हातानंच खुडून टाका. कोवळे असताना अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पुढच्या जानेवारीत त्यालाच करवत लागते.

मजुरीचा अंदाज हवा असेल तर आमच्याकडं हात बसलेला माणूस दरवर्षी छाटलेली वीस-पंचवीस झाडं दिवसात करतो. तुमच्यासारख्या बागेत पहिल्या वर्षी दहा-बारा धरा. ३४० झाडांना दोन माणसांचे पंधरा दिवस सहज जातील. झाडावर ठरवून मजुरी देऊ नका, रोजावर द्या. नगावर दिलं की सल तशीच राहते आणि हाताशी येईल ती चांगली काडी कापली जाते.

वडिलांबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी विहिरीला मोट, ठिबक नाही, बहार धरायचा प्रश्नच नव्हता. अशा झाडाला भलत्या वेळी कापलं तर नुकसानच व्हायचं. त्यांना समजावत बसण्यापेक्षा पहिल्या दिवशी बागेत खुर्ची टाकून बसवा आणि फक्त सल काढायला घ्या. वाळलेल्या काडीला ते नाही म्हणणार नाहीत. आणि त्यांना दोन गोष्टी विचारा. कुठल्या झाडांवर दरवर्षी फळं काळी पडतात. ती झाडं सगळ्यात शेवटी छाटायला ठेवा. आणि गेल्या तीन उन्हाळ्यांत विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात पहिल्या पायरीखाली गेलं. ते मार्च म्हणाले तर यंदा जानेवारीत सफाईवरच थांबा. मेअखेर म्हणाले तर संक्रांतीनंतर सिकेटर काढा, बाळानगरच्या ओळींपासून सुरुवात करा आणि काळ्या फळांची झाडं सोडून त्यातल्याही सगळ्यात वाईट दिसणाऱ्या झाडावर हात साफ करून घ्या.